मायोपिया मॅनेजमेंटमध्ये उतरताना: कामाचा क्रम, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

मायोपिया मॅनेजमेंटमध्ये, म्हणजे मुलांचा मायनस नंबर वाढण्याचा वेग कमी करायच्या कामात, उतरू पाहणाऱ्या ऑप्टोमेट्रिस्टचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: ‘कुठल्या कंपनीची लेन्स ठेवू?’ घोडं इथेच पेंड खातं. एक दिवसाचं ट्रेनिंग होतं, बाहेर फलक लागतो, पाच-सात मुलांना खास लेन्स दिल्या जातात. वर्षाने आई विचारते, ‘फरक पडला का हो?’ फाइल उघडावी तर आत चष्म्याचे दोन नंबर. पहिला डोळ्याचा ताण सैल करणारे थेंब न टाकता घेतलेला, दुसरा ऑटोरिफ्रॅक्टरची, म्हणजे नंबर काढणाऱ्या यंत्राची, चिकटवलेली चिठ्ठी. काय उत्तर देणार?

पदवी झाली आहे, रिफ्रॅक्शन (चष्म्याचा नंबर काढणं) येतं आणि मुलांच्या वाढत्या मायनस नंबरवर विशेष काम करायचं आहे, अशांसाठी हा लेख आहे. टप्पे मागेपुढे करू नका. लेन्स सहाव्या टप्प्यावर येते, कारण तिच्याआधीची पाच कामं झाली नसतील तर कुठलीही लेन्स दिली तरी ती चालली की नाही हे कळणार नाही.

टप्पा १: आधी हात तपासा

या कामाला चार कौशल्यं लागतात: मुलांची रेटिनोस्कोपी (डोळ्यात उजेड टाकून परतणाऱ्या प्रतिबिंबावरून नंबर काढणं), बायनॉक्युलर व्हिजनची (दोन्ही डोळे एकत्र कसे काम करतात याची) तपासणी, मुलांना कॉन्टॅक्ट लेन्स बसवणं आणि हाताळायला शिकवणं, आणि डोळ्याच्या पडद्यावरचे (रेटिनावरचे) धोक्याचे बदल ओळखणं. यातलं एक जरी कच्चं असेल तर फलक लावायची घाई करू नका.

रेटिनोस्कोपी सगळ्यांना येते असं सगळ्यांना वाटतं. सहा वर्षांचं चुळबुळं मूल समोर बसलं की खरं काय ते कळतं. स्वतःची परीक्षा घ्यायची सोपी पद्धत अशी: ऑटोरिफ्रॅक्टरचा आकडा न बघता रेटिनोस्कोपी करा, लिहून ठेवा, थोड्या वेळाने त्याच मुलाची पुन्हा करा. तुमच्या दोन आकड्यांत ०.२५ डायऑप्टरपेक्षा (डायऑप्टर हे नंबरचं एकक) जास्त फरक वारंवार पडत असेल, तर वर्षाला अर्ध्या डायऑप्टरची वाढ तुम्ही खात्रीने पकडू शकणार नाही. या क्षेत्रात तर रोजचं कामच तेवढ्या फरकाचं आहे.

लहान मुलं भरपूर येतात अशा ठिकाणी निदान सहा महिने काम करावं, असं माझं मत आहे. जागा निवडताना दोन प्रश्न विचारा. इथे डोळ्याची लांबी मोजतात का? आणि दुसऱ्या वर्षीच्या फॉलोअपला येणारी मुलं बघायला मिळतात का? दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. पहिल्या दिवशी लेन्स देताना बघून फारसं शिकायला मिळत नाही. दीड वर्षाने नंबर वाढलेल्या मुलाचं काय करायचं, हे बघून मिळतं.

वाचनाची सुरुवात इंटरनॅशनल मायोपिया इन्स्टिट्यूटच्या श्वेतपत्रांपासून करा. पहिला संच २०१९ साली आला, नंतर भर पडत गेली, आणि ते मोफत वाचता येतात. वर्ल्ड कौन्सिल ऑफ ऑप्टोमेट्रीने २०२१ च्या ठरावात या कामाचे तीन भाग सांगितले: प्रतिबंधाचा सल्ला, नियमित मोजमाप आणि उपचार. कंपनीचं ट्रेनिंग घ्यायला हरकत नाही, पण त्यात त्या लेन्सपुरतंच शिकवतात, हे ध्यानात असू द्या.

टप्पा २: हद्द ठरवा, नेत्रतज्ज्ञाशी बोलणी करा

सायक्लोपेंटोलेट (नंबर काढण्याआधी टाकायचे थेंब) वापरण्याचा आणि ॲट्रोपिन (नंबरची वाढ मंदावण्यासाठी द्यायचे थेंब) लिहून देण्याचा अधिकार ऑप्टोमेट्रिस्टला सगळीकडे सारखा नाही. तुम्ही जिथे काम करता तिथला नियम लेखी स्वरूपात वाचा. ‘सगळे करतात’ हा नियम नव्हे.

मग एका नेत्रतज्ज्ञाशी प्रत्यक्ष बोलून घ्या, जमल्यास लहान मुलांच्या आणि जमल्यास पडद्याच्याही. कुठली मुलं तुम्ही पाठवणार, किती तातडीने, उत्तर कसं येणार, ॲट्रोपिन कोण लिहिणार आणि थेंब चालू असताना तपासणार कोण, हे कागदावर ठरवा.

लगेच पाठवायची मुलं ओळखता यायला हवीत:

– शाळेत जायच्या आधीच मोठा मायनस नंबर. यामागे स्टिकलर किंवा मार्फान सिंड्रोम, पडद्याचे आनुवंशिक आजार किंवा अपुऱ्या दिवसांच्या जन्माचा परिणाम असू शकतो.
– योग्य नंबर देऊनही नजर पूर्ण न येणं, किंवा रात्री कमी दिसण्याची तक्रार.
– सिलिंडर झपाट्याने वाढणं आणि रेटिनोस्कोपीत कात्रीसारखी हलणारी सावली. हा केराटोकोनस, म्हणजे कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग) शंकूसारखा पुढे येणं, असू शकतो.
– काही दिवसांत अचानक आलेला मायनस नंबर. रक्तातली साखर आणि चालू औषधं विचारा. टोपिरामेटसारख्या औषधाने असं होतं.
– डोळ्यासमोर चमका, नव्याने आलेले काळे ठिपके, पडदा ओढल्यासारखं दिसणं. हे त्याच दिवशी.

*सावधान:* यातल्या कुठल्याही मुलाला ‘तोपर्यंत ही लेन्स वापरून बघू’ म्हणून थांबवू नका.

टप्पा ३: उपकरणं, पण या क्रमाने

खर्चाची सुरुवात रेटिनोस्कोप आणि थेंबांपासून करा. त्यानंतर ऑप्टिकल बायोमीटर, म्हणजे प्रकाशाने डोळ्याची लांबी मोजणारं यंत्र. कॉर्नियाच्या आकाराचा नकाशा काढणारा टोपोग्राफर ऑर्थो-के (रात्री घालून झोपायच्या, कॉर्नियाचा आकार बदलणाऱ्या लेन्स) करायचं ठरलं की अटळ, पण केराटोकोनस वगळण्यासाठी एरवीही उपयोगी. बाकीचं सगळं नंतर. मोठ्या पडद्यावर रंगीत आलेख दाखवणारं सॉफ्टवेअर हे मोजमाप नाही.

बायोमीटर का, ते नीट समजून घ्या. मायोपियात नंबर वाढतो तो मुख्यतः डोळ्याची लांबी, म्हणजे ॲक्सियल लेंग्थ वाढल्यामुळे, आणि पुढे पडद्याला जो धोका असतो तोही या ताणाशी जोडलेला. एक मिलिमीटर वाढ म्हणजे ढोबळमानाने अडीच ते तीन डायऑप्टर. लहान वयात मात्र डोळ्यातली नैसर्गिक लेन्स पातळ होत जाते आणि थोडी वाढ झाकून टाकते. म्हणून लांबी वाढते आहे आणि नंबर जागच्या जागी, असं काही काळ दिसू शकतं.

शाळकरी वयात नंबर नसलेल्या डोळ्याचीही लांबी वर्षाला साधारण ०.१ मिलिमीटर वाढते. उपचार नसलेल्या मायोपियात ०.३ किंवा जास्तही. ऑप्टिकल बायोमीटरची चूक काही शतांश मिलिमीटरची असते, त्यामुळे हा फरक तो पकडतो. कॉर्नियाला टेकवून केलेला अल्ट्रासाउंड ए-स्कॅन इथे कमी पडतो, कारण हात थोडा दाबला गेला तरी वर्षभराच्या वाढीइतकी चूक होते.

बायोमीटर परवडत नसेल तर शेजारच्या रुग्णालयाशी मोजमापापुरती व्यवस्था करा. तेही जमत नसेल तर दर सहा महिन्यांनी थेंब टाकून, त्याच पद्धतीने घेतलेला नंबर हाच आधार. काम होतं, पण दोन मर्यादा मान्य करून: बदल उशिरा कळेल, आणि ऑर्थो-के करता येणार नाही. त्या लेन्सने कॉर्नियाचा आकारच बदललेला असतो, त्यामुळे नंबर वाढ दाखवत नाही. तिथे लांबी हाच एकमेव निकष.

*सावधान:* एका भेटीत एक यंत्र, दुसऱ्या भेटीत दुसरं, असं करू नका. नंबर आणि कॉर्नियाच्या वक्रतेवरून गणिताने काढलेली ‘अंदाजे लांबी’ पालकांना समजावायला ठीक, फॉलोअपची नोंद म्हणून नाही.

टप्पा ४: पहिल्या दिवसाची तपासणी

सगळ्यात जास्त चुका या टप्प्यावर होतात, आणि बहुतेक चुका क्रमाच्या असतात. थेंब आधी टाकले गेले की बायनॉक्युलर व्हिजनची तपासणी बाद. डोळ्याचं प्रेशर आधी मोजलं की भुलीचा थेंब पडतो, कॉर्नियाला स्पर्श होतो आणि टोपोग्राफी बिघडते. म्हणून क्रम असा ठेवा.

पहिलं, माहिती. पहिला चष्मा कितव्या वर्षी लागला? आई-वडिलांपैकी कोणाला मायनस नंबर आहे, एकाला की दोघांना, आणि किती? दिवसात किती वेळ उजेडात, बाहेर जातो? वाचताना पुस्तक डोळ्यांपासून किती लांब? जुने चष्मे आणि चिठ्ठ्या फोनवर वेळ देतानाच आणायला सांगा. चिठ्ठी हरवली असेल तर जुना चष्मा लेन्सोमीटरवर घाला. नंबर कितव्या वर्षी सुरू झाला हे खरोखर महत्त्वाचं आहे: सात वर्षांच्या मुलाचा −१.०० आणि चौदा वर्षांच्या मुलाचा −१.०० यांचा पुढचा प्रवास वेगळा असतो.

दुसरं, नजर आणि बायनॉक्युलर व्हिजन. दूरचं आणि जवळचं फोरिया (सुप्त तिरळेपणा), ॲकोमोडेशनची (जवळचं बघताना फोकस करण्याची) क्षमता आणि लॅग (त्यातली तूट), कन्व्हर्जन्सचा (दोन्ही डोळे आत वळण्याचा) जवळचा बिंदू. बाहुलीचा आकारही आत्ताच मोजा. पुढे ॲट्रोपिन दिलं तर तुलनेला हाच आकडा लागेल.

तिसरं, टोपोग्राफी आणि बायोमेट्री. डोळ्याला काहीही स्पर्श होण्याआधी आणि थेंबांआधी. प्रत्येक डोळ्याची अनेक मापं घेऊन सरासरी नोंदवा. एखादं माप इतरांपासून फटकून असेल तर ते काढून पुन्हा घ्या. दिवसभरात डोळ्याची लांबी काही शतांश मिलिमीटरने खालीवर होते, म्हणून पुढच्या भेटी साधारण त्याच वेळेच्या ठेवा. वेळही लिहा.

चौथं, थेंब न टाकता नंबर. पाचवं, थेंब टाकून. १ टक्का सायक्लोपेंटोलेट, गडद बुबुळांना पाच मिनिटांनी दुसरा थेंब, आणि मग ३० ते ४५ मिनिटं थांबायचं. इथे गर्दीच्या वेळी हमखास काटछाट होते. बाहुली मोठी झाली म्हणजे ॲकोमोडेशन शिथिल झालं असं नाही. रेटिनोस्कोपीत प्रतिबिंब बदलत राहिलं तर अजून थांबा. थेंबांनी चेहरा लाल होणं, गुंगी, क्वचित बडबड किंवा अस्वस्थता येऊ शकते. हे पालकांना आधी सांगा आणि फिट येण्याचा इतिहास आहे का ते विचारा.

थेंबांचा आग्रह कशासाठी? जवळच्या कामाने ताणलेल्या डोळ्यात खोटा मायनस दिसतो. −१.०० चा नंबर थेंबांनंतर शून्यावर येणारी मुलं तुम्हालाही भेटतील. त्यांना मायोपियाची लेन्स देऊन ‘नंबर वाढलाच नाही’ असं सांगणं सोपं असतं आणि खोटंही.

सहावं, पडद्याची तपासणी, कडांसकट. तुमच्या अधिकारात बसत नसेल तर नेत्रतज्ज्ञाकडून करून घ्या, पण फाइलमध्ये हवीच.

आता निदान. थेंबांनंतरचा स्फेरिकल इक्विव्हॅलंट (स्फेरिकल नंबर अधिक निम्मा सिलिंडर) −०.५० किंवा त्याहून जास्त मायनस म्हणजे मायोपिया, −६.०० आणि पुढे उच्च मायोपिया. त्याआधीचा गट बहुतेकांच्या हातून निसटतो. सहा वर्षांच्या मुलाचा नंबर +०.२५ आला की ‘चष्मा नको, छान आहे’ म्हणून घरी पाठवलं जातं. त्या वयात डोळ्यात त्यापेक्षा जास्त प्लस शिल्लक असायला हवा, +०.७५ किंवा कमी असेल तर पुढे मायोपिया होण्याची शक्यता वाढते. आई-वडिलांना नंबर असेल तर हे मूल प्री-मायोपियाच्या गटात धरा, बाहेर खेळण्याचा सल्ला द्या आणि सहा महिन्यांनी बोलवा.

*इथे थांबून तपासा:* फाइलमध्ये थेंबांनंतरचा नंबर, दोन्ही डोळ्यांची लांबी (बायोमीटरची सोय असेल तर), यंत्राचं नाव, मोजण्याची वेळ, पडद्याची नोंद आणि निदान दोन जुने नंबर किंवा ‘जुनी नोंद नाही’ असा शेरा आहे का? नसेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा ५: पालकांशी बोलणं

‘नंबर थांबेल’ आणि ‘नंबर कमी होईल’ ही दोन वाक्यं तोंडातून जाऊ देऊ नका. सांगायचं ते असं: ‘नंबर वाढण्याचा वेग कमी करायचा प्रयत्न आहे. तरीही थोडा वाढेल. किती वाढला ते दर सहा महिन्यांनी मोजून मी तुम्हाला दाखवीन.’

टक्क्यांत बोलणं टाळा. माहितीपत्रकातला ‘६० टक्के’ हा आकडा ठरावीक काळातल्या, ठरावीक मुलांच्या सरासरीचा असतो. पालक त्याचा अर्थ ‘माझ्या मुलाचा −५ ऐवजी −२ होईल’ असा घेतात. प्रत्यक्ष फरक सांगा. उदाहरणार्थ, डिम्स या वाढ मंदावणाऱ्या खास चष्म्याच्या हाँगकाँगमधल्या दोन वर्षांच्या चाचणीत साध्या चष्म्याच्या मुलांचा नंबर सरासरी ०.८५ डायऑप्टरने वाढला आणि डिम्सच्या मुलांचा ०.४१ ने, लांबी ०.५५ मिलिमीटरच्या जागी ०.२१. म्हणजे दोन वर्षांत वाचला तो अर्ध्या डायऑप्टरहून थोडा कमी. ऐकायला छोटं वाटतं. मग एवढा खटाटोप का, हा पालकांचा पुढचा प्रश्न रास्तच आहे. त्याला उत्तर आहे: बुलिमोर आणि ब्रेनन यांनी २०१९ मध्ये मोठ्या अभ्यासांच्या आकडेवारीवरून मांडलं की अंतिम नंबर एका डायऑप्टरने कमी राहिला तर मायोपिक मॅक्युलोपॅथीची (मायोपियामुळे होणाऱ्या, पडद्याच्या मध्यभागाच्या आजाराची) शक्यता सुमारे ४० टक्क्यांनी घटते. लांबी २६ मिलिमीटरच्या पुढे गेल्यावर उतारवयात दृष्टी जाण्याचा धोका स्पष्ट वाढतो. हे एकदा, शांतपणे सांगा. घाबरवून घेतलेला होकार तीन महिन्यांत मावळतो.

बाहेरच्या उजेडात रोज दोन तास, हा सल्ला प्रत्येक मुलाला द्या, पण अतिशयोक्ती नको. चीनमधल्या ग्वांगझूच्या शाळांमधल्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, रोज ४० मिनिटांचा बाहेरचा तास वाढवलेल्या शाळांत तीन वर्षांत नव्याने मायोपिया होणाऱ्या मुलांचं प्रमाण ३०.४ टक्के होतं, नेहमीच्या शाळांत ३९.५ टक्के. मायोपिया सुरू होणं लांबवायला याचा उपयोग चांगला. सुरू झालेली वाढ रोखायला तेवढा नाही. आणि मुलासमोर ‘मोबाइलमुळेच झालं’ असं म्हणू नका. पुढच्या भेटीला ते मूल तुमच्याशी बोलणार नाही, आणि लेन्स किती तास घातली याची खरी माहिती फक्त त्याच्याकडेच असते.

खर्च सांगताना पहिल्या जोडीचा नको, पूर्ण काळाचा सांगा: किती वर्षं, वर्षात किती भेटी, लेन्स किती वेळा बदलणार. मग लेखी संमती.

टप्पा ६: उपचाराची निवड

सर्वांत चांगला उपचार कुठला, असं विचारू नका. या मुलाला कुठला झेपेल, हे विचारा.

चष्म्याच्या लेन्स (डिम्स, हाल्ट वगैरे) बहुतेक मुलांसाठी पहिली पायरी. चुका इथे फ्रेममध्ये होतात. डिम्स लेन्समध्ये मधला सुमारे ९ मिलिमीटरचा भाग स्वच्छ असतो आणि भोवती सूक्ष्म लेन्स. फ्रेम नाकावरून घसरली की मूल भलत्याच भागातून बघतं. प्रत्येक डोळ्याचा पीडी (नाकाच्या मध्यापासून बाहुलीपर्यंतचं अंतर) वेगळा आणि उंची फ्रेम चेहऱ्यावर बसवून घ्या. हाल्टच्या चाचणीत दिवसाला १२ तास लेन्स घालणाऱ्या मुलांना फायदा जास्त झाला. शाळेपुरता चष्मा घालणाऱ्या मुलाला ही लेन्स देणं म्हणजे पैसे वाया.

मल्टिफोकल सॉफ्ट लेन्स. मिसाइट लेन्सला अमेरिकेच्या एफडीएची मान्यता नोव्हेंबर २०१९ मध्ये मिळाली, वापर सुरू करताना वय ८ ते १२ असलेल्या मुलांसाठी. तीन वर्षांच्या चाचणीत नंबरची वाढ ५९ टक्के आणि लांबीची ५२ टक्के कमी होती. मूल स्वतः हात धुऊन, स्वतः घालून, स्वतः काढू शकतं का, हे तुमच्यासमोर सिद्ध होईपर्यंत लेन्स घरी देऊ नका. आई घालून देणार असेल तर शाळेत डोळ्यात काही गेल्यावर काढणार कोण?

ऑर्थो-के. परिणाम चांगला, जबाबदारी सगळ्यात मोठी. रात्री लेन्स घालून झोपायचं असल्याने संसर्गाचा धोका असतो. बुलिमोर आणि सहकाऱ्यांच्या २०१३ च्या अभ्यासात मुलांमध्ये सूक्ष्मजंतूंच्या केरायटिसचं (कॉर्नियाच्या संसर्गाचं) प्रमाण दहा हजार रुग्ण-वर्षांमागे १३.९ आलं. लेन्स, तिचा डबा आणि नळाचं पाणी यांची गाठ कधीही पडता कामा नये. टोपोग्राफर नसताना किंवा रात्री-अपरात्री तुमचा फोन लागणार नसेल तर ऑर्थो-के करू नका. माझ्या मते पहिल्या वर्षी याच्या वाटेला जाऊच नये.

ॲट्रोपिन. ०.०१ टक्का सर्वत्र लिहिलं जातं, पण पुरावा तितका भक्कम नाही. हाँगकाँगच्या लॅम्प चाचणीत ०.०५, ०.०२५ आणि ०.०१ यांपैकी ०.०५ टक्क्याचा परिणाम सर्वाधिक होता. पहिल्या वर्षी ०.०१ मुळे लांबीच्या वाढीत जेमतेम १२ टक्के फरक पडला. अमेरिकेतल्या २०२३ च्या एका चाचणीत तर ०.०१ चा फायदा दिसलाच नाही. तीव्रता कोणती, ते लिहून देणारा डॉक्टर ठरवेल. उजेडाचा त्रास, जवळचं धूसर दिसणं आणि बाहुलीचा आकार तपासायचं काम तुमचं.

*सावधान:* नंबर मुद्दाम कमी देऊ नका. ‘कमी नंबर दिला की वाढत नाही’ ही समजूत चाचण्यांत टिकलेली नाही. उलट वाढ थोडी जास्तच दिसली आहे. मायोपियावर उपचार म्हणून येणाऱ्या लाल प्रकाशाच्या यंत्रांबाबत पडद्याला इजा झाल्याची नोंद आहे, त्यामुळे जाहिरात बघून ते घरी द्यायची घाई नको.

टप्पा ७: फॉलोअप

करिअर इथे घडतं किंवा बुडतं. कॉन्टॅक्ट लेन्स आणि ऑर्थो-केच्या मुलांना सुरुवातीला पटापट बोलवा. ऑर्थो-केचं मूल पहिल्या रात्रीनंतर दुसऱ्या सकाळी यायलाच हवं. पुढे सगळ्यांची लांबी दर सहा महिन्यांनी आणि थेंब टाकून नंबर निदान वर्षातून एकदा. ‘डोळा लाल, दुखतोय किंवा उजेड सहन होत नाही, तर लेन्स काढा आणि त्याच दिवशी दाखवा’ हे वाक्य छापून द्या.

सहा महिन्यांत नंबर ०.२५ ने वाढला की उपचार बदलायची घाई ही नवख्यांची नेहमीची चूक. मायोपिया हिवाळ्याच्या अर्ध्या वर्षात उन्हाळ्यापेक्षा जास्त वेगाने वाढतो, त्यामुळे निकाल देताना पूर्ण वर्षाची तुलना करा. वाढ वयाशीही लावून बघा: सात वर्षांच्या मुलात ०.२ मिलिमीटर ही चांगली कामगिरी असू शकते, चौदा वर्षांच्या मुलात तीच चिंतेची.

वर्षाची वाढ खरोखर जास्त आहे असं दिसलं तर हा क्रम:

१. मोजमाप तेच यंत्र, तीच वेळ, थेंबांआधीच होतं का?
२. लेन्स रोज किती तास, आठवड्यात किती दिवस? आधी मुलाला विचारा, मग पालकांना.
३. फ्रेम किंवा लेन्स जागेवर बसते का? नंबर अजून बरोबर आहे का?
४. सगळं ठीक असेल तरच उपचारात बदल किंवा जोड, आणि एका वेळी एकच. चष्मा बदलला आणि ॲट्रोपिनही सुरू केलं तर काम कशाने केलं ते कधीच कळणार नाही.

टप्पा ८: थांबायचं कधी

अमेरिकेतल्या कॉमेट अभ्यासात १५ व्या वर्षापर्यंत सुमारे निम्म्या मुलांचा नंबर स्थिर झाला होता, १८ पर्यंत ७७ टक्के आणि २१ पर्यंत ९० टक्के. म्हणजे ‘अठरा झालं, बंद करा’ हे प्रत्येकाला लागू नाही. निदान वर्षभर लांबी आणि नंबर स्थिर असले की थांबवण्याचा विचार करा, आणि नंतरही सहा-सहा महिन्यांनी मोजत राहा. ॲट्रोपिन बंद केल्यावर वाढ उसळी मारू शकते, विशेषतः तीव्रता जास्त आणि वय कमी असेल तर. म्हणून ते बंद करण्याचा निर्णय डॉक्टरांसोबतच.

ज्या डोळ्याची लांबी जास्त झाली त्याचा धोका उपचार संपल्याने संपत नाही. दरवर्षी पडदा तपासायचा, हे त्या तरुणाला स्वतःला सांगा. एव्हाना भेटीला आई-वडील येत नसतात.

टप्पा ९: नोंदवही, आणि तिच्या जोरावर पुढचं काम

एक साधा तक्ता पुरतो. कोड नंबर, उपचार सुरू करतानाचं वय, पालकांचा नंबर, सुरुवातीचा नंबर आणि लांबी, उपचार, प्रत्येक भेटीची तारीख आणि मोजमाप, घालण्याचे तास, त्रास झाला का, आणि भेटी बंद झाल्या असतील तर का. नावं वेगळ्या कुलूपबंद फाइलमध्ये.

लहान मुलांच्या विभागात नोकरी मागताना, नेत्रतज्ज्ञाशी भागीदारीची बोलणी करताना, संशोधनात किंवा अध्यापनात शिरताना हा तक्ता प्रमाणपत्रांच्या गठ्ठ्यापेक्षा जास्त बोलतो. कंपनीतल्या नोकरीसाठीही तेच. मुलाखतीत ‘मी इतक्या मुलांना लेन्स दिल्या’ असं सांगणारे बरेच असतात. ‘त्यातली इतकी दोन वर्षं टिकली आणि त्यांच्या डोळ्यांची सरासरी वाढ इतकी’ असं सांगणारे फार थोडे.

स्वतःचा दवाखाना असेल तर तपासणी आणि फॉलोअपची फी लेन्सच्या किमतीपासून वेगळी ठेवा. सगळी कमाई लेन्सच्या नफ्यातून येत असेल तर साध्या चष्म्यावर ठीक असलेल्या सोळा वर्षांच्या मुलालाही खास लेन्स ‘सुचू’ लागते, आणि मोफत फॉलोअपला तुम्हीच कंटाळता. एखाद्या कंपनीकडून मानधन घेत असाल तर पालकांना सांगा. मुलांचे फोटो आणि ‘नंबर थांबला’ छापाच्या चित्रफिती टाकू नका.

तक्त्यातला सर्वांत उपयोगी रकाना शेवटचा आहे, आणि तोच बहुतेक जण रिकामा सोडतात. दर सहा महिन्यांनी, ज्या मुलांचं येणं बंद झालं त्यांच्या घरी फोन करा. लेन्स टोचत होती, शाळेची वेळ बदलली, खर्च झेपेना, दुसरीकडे दाखवलं, जे कारण सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहा. सरासरी काढताना ही मुलंही मोजा. फक्त टिकलेल्यांची सरासरी नेहमीच चांगली दिसते.